मास्ट-फर्लिंगचं मेनसेल, म्हणजे डोलकाठीच्या आत गुंडाळलं जाणारं मुख्य शीड, सारखं अडकतं. दुरुस्त करावं की काढून साधं शीड बसवावं?

काढायची घाई करू नका. अडकण्याचं कारण बहुतेक वेळा यंत्रणा नसते. थकलेलं शीड आणि घाईने ओढणारा हात असतो. माझ्या मावसभावाला हे आजही पटत नाही.

या दादाची बोट मुंबईत, गेटवेसमोर असते. मांडव्याहून परतताना वारा चढला आणि शीड अर्धं आत जाऊन डोलकाठीच्या खाचेत रुतलं. दादाने थेट इलेक्ट्रिक विंचचं, म्हणजे दोरी ओढणाऱ्या यंत्राचं, बटण दाबलं. मी ओरडूनच थांबवलं. काय अडकलंय ते विंचला कळत नाही, ती कापड फाटेस्तोवर ओढते. शीड थोडं परत बाहेर काढलं, व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) सोडून बूम (शिडाखालचा आडवा दांडा) डोलकाठीशी काटकोनात आणलं, बॅकस्टे (डोलकाठीला मागून ताणणारी तार) ढिला केला आणि आऊटहॉलवर (शीड बाहेर ओढणारी दोरी) हलका ताण ठेवत हाताने गुंडाळलं. गेलं आत.

नंतर पाहिलं तर मागच्या कडेची, उन्हासाठी लावलेली पट्टी उसवली होती आणि तिचीच दुमड खाचेत अडकत होती. नखाने ओढला तर दोरा पिठासारखा गळाला. तरी दादाचं एकच, ही सिस्टिमच भिकार, आणि नागपूरच्या माणसाला समुद्रातलं काय कळतं?

काहून नाही कळत? ऊन तर कळतं! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो इथे. उन्हाने शिवण कशी मरते ते इतवारीतल्या ताडपत्री शिवणाऱ्यांना विचारा. पावसाळ्यात बोट बंद होती, म्हणून शीड विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला आणलं. चातुर्मासात लग्नं नसतात, ओळखीच्या मंगल कार्यालयाचा हॉल रिकामा मिळाला. तिथे पसरून ताडपत्रीवाल्या भाऊंनी अख्खी कड झिगझॅगने शिवून दिली. दोरा मात्र मी आणला, उन्हात टिकणारा पॉलिस्टरचा. नायलॉन लावू देऊ नका, तो उन्हात लवकर जातो. त्या शिवणीवर शीड आजही बिनबोभाट आत जातं.

बाकी, मोसम संपला की शीड आणि खाच गोड्या पाण्याने धुवा. खाचेत ग्रीस नको, धूळ-मीठ चिकटतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरे. हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) अति ताणलं तर गुंडाळणं जड होतं. हां, कापडच ताणून पोट सुटलं असेल तर शिवून उपयोग नाही, नवीन शीड घ्या. बेअरिंग गेलं असेल तर रिगरलाच, म्हणजे डोलकाठी-दोऱ्यांचं काम करणाऱ्या कारागिरालाच, बोलवा.

वेग कमी मिळतो हे दादाचं म्हणणं खरं आहे. आडव्या बॅटन (शिडाची कड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) नसतात, त्यामुळे मागची कड आत वळवून कापावी लागते आणि शिडाचं क्षेत्रफळ घटतं. पण त्याला शर्यत कुठे लावायची आहे? वारा वाढला की कॉकपिटमधून न उठता, डेकवर कुणाला न पाठवता शीड कमी करता येतं. वहिनी आणि मुलं सोबत असताना मला तरी तेच हवं.