वेढा, वेठ आणि ओसाकाचा किल्ला
प्रश्न आलाय: 'जपानच्या तोकुगावा इएयासूने 1614 ला ओसाकाचा किल्ला वेठीस धरला, वेढा दिला', यात वेढा 'दिला' बरोबर की 'घातला'? अहो, देणं-घालणं राहू द्या, ते 'वेठीस धरला' आधी खोडा! रोज ऐकतोय, संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं. म्हणजे काय, फुकट खडी फोडून घेतली त्यांच्याकडून?

वेढा आला 'वेष्ट'वरून, गुंडाळणं, बोटातलं सोन्याचं वेढं तेच. दंष्ट्राची दाढ झाली तसा वेष्टचा वेढा. वेठ वेगळी. मुष्टिची मूठ तशी विष्टिची वेठ, आणि विष्टि म्हणजे राजाने सक्तीने करून घेतलेलं काम, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे शब्द. पुढे फारशीतली बिगार शेजारी येऊन बसली नि वेठबिगार झालं, एकच गोष्ट दोनदा. तरी काही विद्वान 'वेठ म्हणजे वेढाच, माणसाला घेरणं' असं ठोकून देतात. ठ आणि ढ चा हिशोब मांडायचा कंटाळा, दुसरं काय.

मजा अशी की ओसाकात दोन्ही झालंय. 1614 च्या हिवाळ्यात इएयासूला किल्ला घेता आला नाही, दक्षिणेला किल्ल्याच्या बाजूने लढणाऱ्या सानादा युकिमुराने मातीचा कोट उभारला होता त्याच्यापुढे त्याची माणसं पटापट पडली, मग तह केला आणि तहाच्या नावाखाली खंदकच बुजवले, बाहेरचे तर बुजवलेच, आतल्या तटाचेही. 1615 च्या उन्हाळ्यात परत आला तेव्हा अडवायला होतं काय? किल्ला पडला, किल्ल्याचा धनी हिदेयोरी आणि त्याची आई योदो, दोघांनी आतच जीव दिला.

हा झाला वेढा. आता वेठ बघा! 1620 पासून इएयासूच्या मुलाने, हिदेतादाने, साठेक सरदारांना तोच किल्ला नव्याने बांधायला जुंपलं. दगड तुमचे, माणसं तुमची, खर्च तुमचा, किल्ला माझा. 1629 पर्यंत चाललं हे. दगडांवर त्या-त्या सरदाराच्या खुणा कोरलेल्या अजून दिसतात, हा दगड कुणाचा यावरून भांडण नको म्हणून. साकुरा दरवाज्यातून आत गेलात की समोरच शंभर टनांच्या वरचा एकच दगड भिंतीत उभा आहे, ताकोइशी, ओकायामाच्या सरदाराने आणलेला. लोक त्याच्यापुढे 'हिदेयोशीचा किल्ला' म्हणून सेल्फी काढतात (हिदेयोशी म्हणजे हिदेयोरीचा बाप, मूळ किल्ला त्याचा), हिदेयोशीच्या भिंती पार जमिनीखाली गाडल्यात हो.

हां, देणं की घालणं? दोन्ही चालतं. मी घालतो.