आजीला नुसती अन्नपूर्णा करू नका

न्यू जर्सीहून एका नातीचं पत्र आलंय. मालवणला एस.टी. स्टँडजवळ तिच्या आजीची खाणावळ. आजी ९३व्या वर्षी गेली. हिला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता वर्षश्राद्धाला घरचे छोटी स्मरणिका काढतायत आणि "आजीवर चार पानं तू लिही" असं काकांनी सांगितलंय. ती म्हणते, "पहिल्या ओळीत 'साक्षात अन्नपूर्णा' येतं आणि तिथेच गाडी अडते."

अडणारच. अन्नपूर्णा पैसे घेत नाही. तुमची आजी घ्यायची, उधारीही वसूल करायची, आणि मच्छीबाजारात पाटीवाल्यांशी हुज्जत घालून मासळी आणायची. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली एकत्र केलं, तेव्हा मंडळाचं नाव अन्नपूर्णाच ठेवलं. पण काम काय, तर बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देणं. तुम्हीही आजीच्या हिशोबापासून सुरुवात करा. पहिलं भांडवल कुठून आलं? दागिना मोडला का? जागेचं भाडं किती होतं? वेंगुर्ल्याला माझ्या मावशीचीही खाणावळ होती आणि यातलं एकही मी तिला विचारलं नाही. तिच्या सोलकढीचं कौतुक तेवढं करत राहिले.

"नक्की कधी सुरू झालं?" असं विचारलंत तर घरात सहा माणसं सहा सालं सांगतील. त्यापेक्षा खुणांनी विचारा. १९५७ला आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा हॉटेल होतं का? १९८१ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तेव्हा ताट केवढ्याला होतं? पुढच्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा संप झाला, मनीऑर्डरी आटल्या. त्या वेळी उधारीच्या वहीत किती नावं चढली? १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, कुडाळला उतरून येणारं गिऱ्हाईक कधीपासून दिसायला लागलं? मे २०२१च्या तौक्ते वादळात छपराचं काय झालं? वही सापडली तर पानापानाचे फोटो मागवून घ्या. वाळवीला फार दिवस लागत नाहीत.

विचारायचं कुणाला? नातेवाइकांना शेवटी. आधी मासळी देणाऱ्या बाईला, निवृत्त झालेल्या एस.टी. कंडक्टरला, आणि मुख्य म्हणजे आजीच्या हाताखाली पाट्यावर वाटप वाटणारीला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा गिऱ्हाइकाला काय वाढायचे हे तिलाच माहीत असणार. "आज मासो नाय, उसळ खावा" असं सांगून माणूस परत येईल अशी उसळ करणं सोपं नाही.

पाककृती घ्याल तर कागदावर विसंबू नका. मावशीची तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी मी लिहून घेतली होती: "तिरफळं पाच-सहा, ठेचून." घरी केली, तोंडात धरवेना. फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अगो, बी काढलंस मा?" आतली काळी बी काढून नुसतं साल ठेवायचं, हे तिने सांगितलंच नव्हतं. तिचा हात आपसूक काढायचा. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसेल. म्हणून तुमच्या चुलतभावाला सांगा, वाटप वाटणाऱ्या मावशींचे हात मोबाइलवर घे. मागे गाणं नको.

पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय, "(आजी तशी तापट होती.)" तो कंस काढा. दारू पिऊन आलेल्याला डाव उगारून पायरी उतरायला लावणारी आजी त्या चार पानांत हवीच. सुनांना तिचा जाच झाला असेल, तर तेही एखाद्या ओळीत येऊ द्या. त्या सुनाही स्मरणिका वाचणार आहेत.

जागेबद्दलही विचारलंय, म्हणून थोडक्यात. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा असतो. मुदत टळली असली तरी देऊन ठेवा. तुम्ही ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिक, असलात तरी शेतजमीनसुद्धा वारसाहक्काने मिळते, विकत मात्र घेता येत नाही. वकिलातीत मुखत्यारपत्र केलंत तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आणि हा विषय आठवणी विचारायच्या फोनवर काढू नका. माणसं गप्प होतात.

त्या वाटप वाटणाऱ्या मावशींना फोन दुपारी तीनला करा. जेवणावळी उठलेल्या असतात, भांडी झालेली असतात, बोलायला सवड असते. उन्हाळ्यात तुमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील. मालवणात साडेपाचला तुमची आजी काय करत असायची, पहिला प्रश्न हाच विचारा.