निचरा कमी केल्यावर ईसी वाढते, मग नदीला फायदा काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नदी खारट होतेय म्हणून शेतातून जाणारा निचरा कमी करायला सांगताहेत. पण पाणी मोजून द्यायला लागल्यापासून निचऱ्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचं माप) उलट वाढली. मग उपयोग काय, आणि ते क्षार शेतातच साठून जमीन क्षारपड झाली तर?

दोन्ही शंका रास्त आहेत. नुसत्या ईसीवरून मात्र काही ठरवू नका, क्षारांचं वजन काढा. निचऱ्याच्या पाईपच्या तोंडाशी 10 लिटरची बादली धरा. समजा ती 8 सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला 108 घनमीटर पाणी. ईसी 5 डेसिसायमन प्रति मीटर (ईसीचं नेहमीचं एकक) असेल तर ढोबळमानाने लिटरमागे 3.2 ग्रॅम क्षार. एकाच पाईपमधून रोज सुमारे 345 किलो! हा आकडा वहीत लिहीत चला.

आता ईसी का वाढली ते बघू. पिकाला 800 मिमी पाणी लागतं आणि आपण 1200 दिलं असं धरा. 400 खाली झिरपतं. पीक पाणी घेतं, क्षार जवळपास सगळे मागे ठेवतं, म्हणून झिरपणारं पाणी मूळ पाण्याच्या तिप्पट खारट होतं. तेच 1000 दिलं तर 200 झिरपतं आणि पाचपट खारट होतं. निचरा निम्मा, ईसी जास्त. तुमच्या मीटरवर हेच दिसतंय.

पुढचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मूळ पाण्याची ईसी 1 असेल तर 1200 मिमीबरोबर हेक्टरी साधारण 7.7 टन क्षार नदीतून येतात, 1000 मिमीबरोबर 6.4 टन. जेवढे उचलले तेवढेच परत गेले, तर नदीच्या हिशेबात काहीच बदलत नाही, कारण पिकाने संपवलेलं पाणी दोन्हीकडे 800 मिमीच आहे. खालच्या गावांना नदी तेवढीच खारट मिळेल. खरा फायदा होतो तो झिरपलेल्या पाण्याच्या वाटेवर. मुळांखालून नदीपर्यंत जाताना ते जुन्या थरांतले क्षार विरघळवतं, नाहीतर आधीच साठलेलं खारं भूजल पुढे ढकलतं. झिरपा कमी झाला की हे दोन्ही कमी होतं. शिवाय पाणी जास्त दाट झाल्यावर चुना आणि जिप्सम काही प्रमाणात जमिनीतच साका धरून बसतात. सोडियमच्या मिठासारखा त्यांचा पिकाला त्रास नसतो.

म्हणून खाली थर कोणता आहे, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्रँड व्हॅलीत शेतांखाली मॅन्कोस शेल आहे, प्राचीन समुद्रतळाचा खडक. तिथे कालव्यांना अस्तर लावणं आणि शेतातला झिरपा रोखणं याचा थेट परिणाम होतो. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या खालच्या भागात भूजलच अतिशय खारं आहे, सिंचनाने त्याची पातळी उचलली की ते नदीत घुसतं. खाली स्वच्छ वाळू आणि गोडं भूजल असेल, तर निचरा घटवून नदीला फारसं काही मिळणार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

कोलोरॅडोच्याच खालच्या टोकाला वेल्टन-मोहॉक भागातून 1961 पासून खारा निचरा पंपाने नदीत जाऊ लागला आणि मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांची पिकं अडचणीत आली. 1973 मध्ये दोन्ही देशांत करार झाला, 1974 मध्ये अमेरिकेने क्षारनियंत्रणाचा कायदा केला. हा निचरा गोडा करण्यासाठी बांधलेला युमाचा क्षारनिर्मूलन प्रकल्प 1992 मध्ये पूर्ण झाला, पण तो फारसा चाललाच नाही. शेतात मात्र लेझरने जमीन सपाट करण्यासारखी साधी कामं झाली. मला विचाराल तर पैसा आधी तिथेच घालावा. (नदीत न सोडता दुसरीकडे वळवलेल्या त्या निचऱ्यावर पुढे सिएनेगा दे सांता क्लारा ही मोठी पाणथळ जागा वाढली. तुमच्या निचऱ्यावर खाली काय जगतंय, तेही एकदा पाहून या.)

आता जमिनीचं. निचरा शून्यावर कधीही आणू नका. पाण्याची ईसी 1 असताना, मुळांजवळचे क्षार धुऊन जाण्यासाठी किती पाणी लागतं याच्या नेहमीच्या सूत्राने कांद्यासाठी सुमारे 20 टक्के पाणी मुळांखाली जावं लागतं, कापसाला 3 टक्क्यांच्या आसपास पुरतं. हे कागदावरचं. सरीच्या तोंडाशी पाणी तुंबतं आणि शेपटाला कोरडं राहतं, तिथे सरासरीचा उपयोग नाही. म्हणून आधी सऱ्या आखूड करा, उतार नीट करा, मग पाळीचं पाणी तोडा. क्षार धुवायचे तर प्रत्येक पाळीला थोडे थोडे नकोत, हंगाम संपल्यावर रान मोकळं असताना एकदाच धुवा.

हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी 30, 60 आणि 90 सेंटिमीटरवरची माती काढून ईसी तपासा. खाली वाढतेय आणि वर स्थिर आहे, तर ठीक चाललंय. वरच्या 30 सेंटिमीटरमध्येच वाढायला लागली, तर पाणी जास्तच तोडलंय किंवा भूजल वर आलंय. ठिबक असेल तर एक गोष्ट विसरू नका: ओलाव्याच्या कडेला क्षारांची पांढरी कड बसते आणि हलका पाऊस ती थेट मुळांकडे ढकलतो. अशा पावसात ठिबक बंद करायचं नाही, चालूच ठेवायचं.