घरचा व्हिडिओ सर्व्हर घेताय? आधी टीव्हीला काय पचतं ते बघा

प्रश्न: माझ्या लग्नाच्या आणि मुलीच्या बारशाच्या मिळून ११ मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात, शिवाय १० वर्षांचे मोबाईलचे व्हिडिओ आहेत. हॉलमधला टीव्ही, आईचा फोन, मुलीचा लॅपटॉप, सगळीकडे दिसावेत म्हणून जेलीफिन (घरच्या व्हिडिओंचा सर्व्हर करायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकायचंय. दुकानदार म्हणतो ट्रान्सकोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच, ६५ हजारांचं असेम्बल मशीन घ्या. माझं बजेट ३० हजार. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ६५ हजार अजिबात घालवू नका. दुकानदाराने मशीनबद्दल सांगितलं पण तुमच्या फाइली कुठल्या आणि टीव्ही कुठला हे विचारलंच नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. फाइल ज्या फॉरमॅटमध्ये आहे तो टीव्हीला कळत असेल तर सर्व्हर ती फाइल नुसती पुढे सरकवतो, त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात, त्या कामाला १० वर्षं जुनं मशीनसुद्धा पुरतं. कळत नसेल तर मात्र व्हिडिओ चालू असतानाच सर्व्हरला तो उलगडून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये परत बांधून पाठवावा लागतो, हेच ते ट्रान्सकोडिंग, आणि दमछाक होते ती इथे.

आता तुमच्या कॅसेट घ्या. मिनीडीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी, म्हणजे ११ कॅसेट एकेका तासाच्या धरल्या तर १४३ जीबी झाले. हा डीव्ही फॉरमॅट टीव्हीला किंवा ब्राउझरला सरळ चालेल अशी आशा धरू नका, त्यामुळे दर वेळी लावला की ट्रान्सकोडिंग होणार. त्यात तो इंटरलेस्ड असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या एकाआड एक रेघा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. बारशाच्या व्हिडिओत पाळणा हलतो तेव्हा त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील ना, त्या ह्यामुळेच. पण ह्या फाइली आता बदलणार थोड्याच आहेत! मग रोज रोज सर्व्हरला राबवण्यापेक्षा हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच बसून सगळ्या एच.२६४ ह्या फॉरमॅटमध्ये करून ठेवा, डीइंटरलेसला, म्हणजे त्या रेघा घालवायच्या सेटिंगला, बॉबवाला पर्याय घ्या आणि फ्रेमरेट ५० ठेवा म्हणजे हालचाल कॅसेटवर होती तितकीच सुळसुळीत राहते, क्वालिटीचा आकडा १८ ते २० च्या मधे. एच.२६४ आईच्या फोनपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना चालतो. मूळ डीव्ही फाइली मात्र पुसू नका, त्या वेगळ्या डिस्कवर राहू द्या, कॅसेट बुरशी लागून गेल्या तर तेवढ्याच हातात उरतील.

राहिले मोबाईलचे व्हिडिओ. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, एचईव्हीसी ह्या नव्या फॉरमॅटमध्ये शूट करतो आणि आयफोन १२ पासून पुढे तर एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-अंधार आणि रंग दाखवणारं चित्र, पण येतं. नवा फोरके टीव्ही हे पचवतो, पण मुलीच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये लावलं की कधी चालतच नाही, कधी रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. इथे खरंखुरं ट्रान्सकोडिंग लागणार, आणि त्यासाठी प्रोसेसरमधलंच इंटेलचं क्विकसिंक वापरायचं. व्हिडिओ उलगडायला आणि बांधायला चिपमध्येच वेगळा भाग असतो, मुख्य कोअर जवळजवळ मोकळे राहतात. म्हणून मी सांगेन इंटेल एन१०० वाला मिनी पीसी घ्या, १६ जीबी रॅम, सिस्टिमला २५६ किंवा ५१२ जीबीचा एसएसडी, आणि व्हिडिओंना वेगळी मोठी हार्ड डिस्क. एन१०० चार कोअरचा छोटासा प्रोसेसर आहे, ६ वॅटचा, पण फोरके एचडीआरचं १०८० म्हणजे फुल एचडी करून एका वेळी दोन-तीन जणांना आरामात दाखवतो, घरात अजून काय हवं!

आणि विजेचं गणित मांडून बघा. २४ तास चालणारं मशीन आहे हे. १० वॅट खाणारा मिनी पीसी वर्षाला साधारण ८८ युनिट घेतो, ६० वॅट खाणारं असेम्बल मशीन ५२५. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला चार हजारांवर फरक, दरवर्षी.

एक गोष्ट विसरू नका, जेलीफिन टाकल्यावर हार्डवेअर ॲक्सिलरेशन आपोआप चालू होत नाही. डॅशबोर्डमध्ये प्लेबॅक, त्यात ट्रान्सकोडिंग, तिथे क्विकसिंक निवडायचं. लिनक्स असेल तर जेलीफिनच्या युजरला ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या रेंडर नावाच्या ग्रुपमध्ये घालावं लागतं, हे राहिलं की लोक म्हणतात एन१०० कुचकामी आहे. मी माझ्या घरी टर्मिनलवर इंटेल जीपीयू टॉप हा ग्राफिक्सवरचा भार दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघतो, व्हिडिओ नावाची पट्टी वर सरकली की समजायचं काम योग्य ठिकाणी चाललंय, ती शून्यावर आणि सगळे कोअर शंभर टक्क्यांवर म्हणजे सेटिंग राहिलंय. जेलीफिनऐवजी प्लेक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घेणार असाल तर हार्डवेअर ट्रान्सकोडिंग तिथे प्लेक्स पास विकत घेतला तरच मिळतं, जेलीफिनमध्ये फुकट आहे.

प्रश्न: ऑफिसने जुना लॅपटॉप देऊन टाकला, आय५ सहाव्या पिढीचा. शिवाय भावाकडे आय५-११४००एफ पडून आहे. कुठला सर्व्हर करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: त्या शेवटच्या एफकडे नीट बघा ताई. इंटेलच्या नंबरात शेवटी एफ असला की आत ग्राफिक्सच नसतं, म्हणजे क्विकसिंक नाही. माझ्या गळ्यात असाच एक एफवाला मारला होता, दोन हजार वाचले म्हणून मी खूश, आणि पहिल्याच संध्याकाळी फोरके लावल्यावर पंखा विमानासारखा ओरडायला लागला. दुकानात कोणी सांगितलं नाही, म्हणून मी भेटेल त्याला सांगत असतो.

लॅपटॉपचं म्हणाल तर पिढी बघायची. चौथ्या पिढीला फक्त एच.२६४ सारखे जुने फॉरमॅट जमतात, सहाव्याला एचईव्हीसी जमतं पण ८ बिटवालं, एचडीआरला लागतं ते १० बिटवालं सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ हा त्याहून नवा फॉरमॅट उलगडणं अकराव्यापासून. तुमच्याकडे बहुतेक एच.२६४ च असेल तर हा लॅपटॉप मस्त सर्व्हर आहे, झाकण लावलं तरी झोपणार नाही असं सेटिंग करा. लाईट गेली तर बॅटरीवर तगतो हा फायदा पण आहे, फक्त कायम चार्जिंगला राहिला की बॅटरी फुगते, त्यामुळे चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा आणि टचपॅड वर आल्यासारखा वाटला तर लगेच बंद करून बॅटरी काढून घ्या, ह्यात चालढकल नको. एएमडीचं कोणी सुचवेल, त्यात चालतं, पण सेटअपला जास्त खटपट आणि एच.२६४ चं चित्र इंटेलइतकं स्वच्छ येत नाही, मुद्दाम विकत घेताना मी नाही घेणार.

प्रश्न: मुलगी मेलबर्नला असते. आमच्या सर्व्हरवरचे गणपतीचे व्हिडिओ तिला अडकत अडकत दिसतात. प्रोसेसर मोठा घेऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: काका, प्रोसेसर नाही, रस्ता बघा. तिच्यापर्यंत जातो तो तुमचा अपलोड, डाउनलोड नाही, आणि प्लॅनच्या जाहिरातीत बऱ्याचदा डाउनलोडचाच आकडा मोठा छापलेला असतो. मोबाईलचा फोरके व्हिडिओ सहज ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट, हाच त्याचा बिटरेट) असतो, एवढा इतक्या लांब सतत जाणं कठीण. जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये इंटरनेट स्ट्रीमिंगची बिटरेट मर्यादा असते, ती ६ एमबीपीएस करून बघा. मग सर्व्हर तिच्यासाठी व्हिडिओ लहान करून पाठवेल, ह्याला ट्रान्सकोडिंग लागतं हे खरं, पण क्विकसिंकवालं छोटं मशीन पुरतं. आणि राउटरचा पोर्ट उघडून ठेवला असेल तर बंद करा. दोन्हीकडे टेलस्केल टाका, ते तुमच्या दोन मशीनमध्ये खासगी जोडणी करून देतं, घरापुरतं फुकट असतं, इंटरनेटवाल्याने तुम्हाला स्वतंत्र आयपी दिला नसेल तरी चालतं आणि बाहेरचा कोणी डोकावत नाही.

प्रश्न: रास्पबेरी पाय ५ वर जेलीफिन चालेल का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: चालेल, पण ट्रान्सकोडिंगसाठी नको. पाय ५ मध्ये एचईव्हीसी उलगडायची सोय आहे पण व्हिडिओ परत बांधायचं हार्डवेअर एनकोडर काढून टाकलंय, पाय ४ मध्ये एच.२६४ चं होतं. सगळं डायरेक्ट प्लेच असेल तर खुशाल वापर.

प्रश्न: फोटोग्राफरने लग्नाचा फोरके व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की छान चालतो, सर्व्हरवरून केबलने लावला की थांबत थांबत. मशीन तर नवीन आहे, डायरेक्ट प्ले दाखवतंय.
— एक वाचक, फोंडा

उत्तर: डायरेक्ट प्ले आहे म्हणजे सर्व्हर सुटला. बऱ्याच टीव्हींना, अगदी महागड्यांनासुद्धा, मागचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, आणि कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फोरके फाइलचा बिटरेट तेवढा किंवा त्याच्यावर जातो. केबल म्हणजे वायफायपेक्षा चांगली असं आपण धरून चालतो, इथे उलटं आहे. कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून बिटरेट बघा, ९० एमबीपीएसच्या आसपास किंवा वर असेल तर हेच कारण. केबल काढा, टीव्ही राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवाल्या वायफायला जोडा आणि सप्तपदीचा तोच तुकडा परत लावा. तरीही अडकला तर हँडब्रेकमध्ये ४० एमबीपीएसची एक प्रत काढा, टीव्हीसाठी ती, आणि फोटोग्राफरची मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, पेनड्राइव्हच्या भरवशावर तर मुळीच नको.