पानिपतच्या काळातले २८ मिमीचे मराठा घोडेस्वार (छोट्या प्रतिकृती) रंगवायचे आहेत, गणवेशाचे रंग कुठे पाहू? (राहणार सातारा)

आधी गणवेश शोधणं सोडा. १७६१ च्या मराठा घोडदळाला गणवेश नव्हताच. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे कपडे घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी मिळे, तरी अंगावरचं ज्याचं त्याचं. म्हणून अख्ख्या पथकाला एकच भगवा रंग फासू नका. कॅलेंडरवरच्या चित्रांनी ही सवय लावलीय. भगवा झेंड्याला ठेवा.

अंगरखे, सुरवारी बहुतेक पांढऱ्या, मळकट. पूर्ण पांढरा रंग खडूसारखा दिसतो, त्यात जरा पिवळी माती मिसळा. मुंडाशी आणि शेले मात्र वेगवेगळे: मंजिष्ठेचा लाल, नीळ, हळदीचा पिवळा. शेजारच्या दोन स्वारांचं मुंडासं सारखं नको, बस.

पाहायला तुम्हाला लांब जायला नको. साताऱ्यातच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. फोटोची परवानगी आधी विचारा. जुना कपडा बघताना वरचा रंग खरा धरू नका, तो उन्हाने उडालेला असतो. शिवणीत, घडीत दिसतो तो मूळच्या जवळचा. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जुनी लघुचित्रं आहेत. पण तिथली रविवर्म्याची तैलचित्रं कितीही देखणी असली तरी ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, पुरावा म्हणून नकोत. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं पगड्यांसाठी बघा.

ठरलेला गणवेशच रंगवायची हौस असेल तर १८०३ ची असईची लढाई घ्या. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या ७४ व्या हायलँडर पलटणीचा लाल कोट, पांढऱ्या कॉलर-बाह्या. ७८ वीच्या त्याच जागी फिकट बदामी.