मास इफेक्ट पहिल्या भागापासूनच खेळ

गड्या, मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेमच्या थेट दुसऱ्या भागावर उडी मारू नकोस. २०२१ची लेजंडरी एडिशन घे, तिन्ही भाग एकत्र येतात. पहिला २००७चा, त्यातली माको गाडी चालवताना वैतागशील, तरी सोडू नकोस. तिथले निर्णय सेव्ह केलेल्या खेळातून पुढच्या भागांत जातात. रेक्स या सोबत्याला त्याच्या घराण्याचं चिलखत व्हर्मायर ग्रहावरच्या मोहिमेआधी मिळवून दे. नाहीतर तिथं तो जीव गमावू शकतो, आणि पुढे त्याच्या जागी त्याच्याच क्रोगन जमातीतला दुसरा कुणी भेटतो. फार जिवाला लागतं ते. दुसऱ्या भागात सोबत्यांची लॉयल्टी मिशन्स (त्यांची निष्ठा मिळवायच्या मोहिमा) आणि नॉर्मंडी या आपल्या यानाचे अपग्रेड आधी उरक. शेवटच्या मोहिमेत कोण जगणार ते बरंचसं त्यावर ठरतं. गॅरसला मी कायम सोबत नेतो, तसा दोस्त दुसरा नाही. आणि सांगलीत पावसाळ्यात लाईटचा नेम नसतो, मोठ्या लढाईआधी स्वतः सेव्ह करत जा.