108 किलो वजन आणि चायनाची कार्बन फ्रेम

भावा, 108 किलो वजन, पन्हाळा आणि मसाई पठाराकडं रायडिंग, आणि स्वस्तातली चायनाची कार्बन हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) फ्रेम चालंल का असं विचारलंयस. चालंल की. फक्त बाकीचे सगळे जे बघून फ्रेम घेतात ते, म्हणजे फ्रेम किती ग्रॅमची, तू बघू नकोस.

लिस्टिंगवर वेट लिमिट 120 किलो लिहिलेलं असलं तरी ते नुसतं रायडरचं का सायकल-बॅग धरून, हे सेलरला लेखी विचार. सगळं धरून असंल तर तुझे 108, सायकलचे 13, वर पाणी आणि टूल, लिमिट तिथंच पार झालं.

मग 'आयएसओ 4210 पास' (सायकलच्या सेफ्टीची आंतरराष्ट्रीय टेस्ट) हे सगळेच लिहितात. त्या टेस्टमधे माउंटन बाइकच्या फ्रेमला पेडलवर 1200 न्यूटनचा जोर एक लाख वेळा देतात, म्हणजे साधारण 122 किलो, आणि हा जोर सगळ्यांना सारखाच, रायडर 60 चा असो नायतर 108 चा. जोतिबाच्या चढाला तू सीटवरनं उठून हँडल ओढत पेडल दाबलंस की त्या आकड्याजवळ सारखाच जाणार. म्हणून त्याच मॉडेलचा रिपोर्ट माग आणि यापेक्षा जास्त लोडवर टेस्ट केलीय का विचार. रिपोर्ट मागितल्यावर जो नुसत्या गुलाबाच्या इमोजी पाठवतो त्याला सोडून दे.

टी800, टी1000 (कार्बन फायबरचे ग्रेड) च्या स्टिकरला लय भुलू नकोस, कुठल्या जागी किती थर लावलेत त्यावर सगळं आहे. भारी फायबर लावून थर कमी केले की वजन छान दिसतं, पण नळी पातळ होते आणि आपल्याकडचा जांभा दगड खालनं उडून डाउनट्यूबला (हँडलकडनं पेडलकडं येणाऱ्या खालच्या नळीला) बसला की कळतं. एकाच फ्रेममधे लाइट आणि नेहमीचा असे दोन लेअप (थरांची रचना) मिळत असतील तर डोळे झाकून नेहमीचा घे, दोन-अडीचशे ग्रॅम वाढले तर वाढले, आपण रविवारी तेवढा रस्सा जास्तीचा वरपतोय.

बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस बसतो ती जागा) 73 मिमीची थ्रेडवालीच, म्हणजे आटे असलेलीच बघ. प्रेसफिटचं, म्हणजे बेअरिंग नुसतं दाबून बसवायचं शेल जरा जरी अंडाकृती आलं तर तुझ्या वजनाखाली कुरकुर थांबणार नाही, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काहीबी होतंय पण ते तिथं सरळ होत नाही. मागं 148 बूस्ट (मागच्या हबची रुंदी, मिमीत), यूडीएच हँगर (मागचा गिअर अडकवायचा, सगळीकडं चालणारा तुकडा), सीटपोस्ट म्हणजे सीटची दांडी 30.9 किंवा 31.6 मिमी. पोस्ट तिच्यावरच्या मिनिमम मार्कपेक्षा (कमीत कमी किती आत जायला पाहिजे त्या खुणेपेक्षा) चांगली खाली जायला पाहिजे, वजनदार माणसाच्या फ्रेमला सीटट्यूबच्या तोंडाशी लय ताण येतो. फोर्क किती ट्रॅव्हलपर्यंत (पुढचं सस्पेन्शन किती दबतं ते) आणि मागं रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चकती, किती मोठा चालतो तेबी विचार, तुला मागं 180 मिमी लागणारच.

आणि सगळं बजेट फ्रेमवर उडवू नकोस. 32 स्पोकची दणकट चाकं आणि फोर पिस्टन ब्रेक यात पैसे पुरत नसतील तर सरळ अॅल्युमिनियम फ्रेम घे, त्यात काय कमीपणा नाही.

अलीएक्सप्रेस आपल्याकडं 2020 पासून बंद आहे, त्यामुळं सेलरकडनं थेट कुरियर, ड्यूटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) धरूनच हिशोब कर. एवढा मोठा बॉक्स परत चायनाला पाठवायचा खर्च बघितलास की वॉरंटी कागदावरच राहते, म्हणून खोलताना सलग व्हिडिओ काढ. बीबी आणि हेडट्यूबमधनं टॉर्च मारून बघ, आत कार्बनला सुरकुत्या, कोरडे डाग, मोल्डिंगच्या वेळी नळी आतनं फुगवायच्या फुग्याचं प्लास्टिक राहिलंय का. मग नाण्यानं सगळ्या नळ्या ठोकून बघ, जोडाजवळ आवाज बदलणारच, पण सलग नळीवर मधेच एका जागी बद्द वाजलं तर पार्ट बसवायच्या आधीच सेलरला धर. आली की फोटो टाक, बीबीच्या आतलेबी.